नांगराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत

बेळगावच्या बाजारपेठेतील किर्लोस्कर रोडवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. रस्त्याला हे नाव कोणावरून पडले, हे त्यांतील अनेकांना ठाऊक असते. पण त्या नावाच्या माणसाने या शहरात आरंभी काय विकले, न खपलेला माल किती दिवस सांभाळला आणि अखेर हे शहर त्याला का सोडावे लागले, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र यशस्वी कारखानदाराची गोष्ट म्हणून पुष्कळदा सांगितले गेले आहे. ते आणखी एका बाजूने वाचण्यासारखे आहे. जी वस्तू लोकांच्या खिजगणतीतही नाही, तिला बाजारात स्वतःची जागा कशी मिळते आणि मिळालेली जागा काळाबरोबर कशी सरकत जाते, हे या एका आयुष्यात आरंभापासून अखेरपर्यंत पाहायला मिळते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. घरात विद्येला मान होता. पण शाळेतल्या विद्येत धाकट्या लक्ष्मणाचे मन रमेना. त्याला ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. त्या काळी या दोन्ही गोष्टी भल्या घरच्या मुलाच्या पोटापाण्याच्या मानल्या जात नसत. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल होऊ शकले.

तेथे दोनेक वर्षे काढल्यावर त्यांना रंगांतला फरक नीट उमगत नाही, असे लक्षात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाटने काढण्याचे शास्त्र त्यांनी आत्मसात केले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवण्याची नोकरी त्यांना मिळाली. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळायला मिळत. सुट्या वेळात परदेशी तांत्रिक मासिके वाचायची, त्यांतील आकृत्या समजून घ्यायच्या आणि मग त्या गोष्टी हाताने करून पाहायच्या, असा त्यांचा क्रम असे.

याच काळात सायकल नावाची वस्तू मुंबईत दिसू लागली होती. सायकल कशाला म्हणावे, हे तोवर तिच्या मायदेशातही पुरते ठरलेले नव्हते. पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकले चाक अशी उंच गाडी आणि दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी नवी गाडी, या दोन्ही इंग्लंडमध्ये शेजारी शेजारी विकल्या जात होत्या. हवा भरलेली धाव १८८८ मध्ये निघाली आणि त्यानंतर काही वर्षांत नव्या गाडीने जुनीला हद्दपार केले. १८८८ हेच किर्लोस्कर उद्योगाचे जन्मवर्ष मानले जाते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या तेथे विकायच्या, असा हा धंदा होता. दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स अशी पाटी लागली.

बेळगावात तेव्हा सायकलीचे गिऱ्हाईक कोण असणार? गावात लष्कराची छावणी होती, सरकारी अंमलदार होते, थोडे हौशी श्रीमंत होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने ती साहेबाची चैन होती. तिच्यावर बसावे कसे, तोल सांभाळावा कसा, बिघडली तर न्यावी कोठे, यांतले काहीच कोणाला माहीत नव्हते. म्हणून किर्लोस्करांच्या दुकानात सायकल विकली जाई, तशीच ती चालवायलाही शिकवली जाई; शिकवणीचे पंधरा रुपये घेतले जात. दुरुस्तीही तेथेच होई. हा तपशील वरवर किरकोळ वाटेल. परंतु पुढच्या साऱ्या वाटचालीची किल्ली त्यातच आहे. ज्या वस्तूचा वापर लोकांना ठाऊक नाही, तिच्याबरोबर तिचे शिक्षण आणि तिची देखभालही विकावी लागते, हा धडा लक्ष्मणराव येथे शिकले.

नोकरीचा शेवट मात्र कडू झाला. बढतीची पाळी आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. सायकलींच्या धंद्यात आता इतरही दुकानदार उतरू लागले होते. बाहेरून आणलेला माल विकून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा स्वतः काही घडवावे, ही इच्छा मनात होतीच. त्यांनी लहानशी कार्यशाळा थाटली.

कडबा कापण्याचे यंत्र हा तेथला पहिला महत्त्वाचा माल. जनावरापुढे अख्खा कडबा टाकला, की ते पाला आणि कोवळा भाग खाते आणि जाड बुडखा तसाच टाकून देते. तोच बारीक कापून घातला, तर सगळा खाल्ला जातो. दुष्काळाची टांगती तलवार असलेल्या मुलखात या बचतीचे मोल शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नव्हते. गोठ्यातल्या नेहमीच्याच कामाला या यंत्राने हात दिला होता. कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नव्हता, की कोणाचा हक्क जात नव्हता. म्हणून या यंत्राला थोडीफार वाट मिळाली.

नांगराची गोष्ट निराळी होती. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करायला घेतला. इंग्लंडहून आलेले असे नांगर काही मोठ्या जमीनदारांकडे आणि सरकारी शेतीखात्याकडे होते. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन फाडतो, पण तिची पाठ फिरवत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल गेलेली असतात; ती उपटायची, तर एकेका नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत आणि एवढे करूनही मातीचे तास उलटे पडत नसे. लोखंडी नांगराचे वळणदार पाते तास कापून पालथा घालते. तण खाली गाडले जाते, खालची माती उन्हात तापते. या गुणाबद्दल लक्ष्मणरावांची खात्री होती. गिऱ्हाइकाची नव्हती.

लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि त्या भीतीने ते या नांगराला हात लावत नसत, असे या काळाच्या प्रत्येक हकिगतीत सांगितलेले आढळते. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे ते तयार नांगर डोळ्यांसमोर पडून होते आणि कारागिरांचा पगार, कच्च्या मालाचे पैसे थांबत नव्हते. आज आपण या कथेकडे पाहून शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून विचार करण्यासारखे एक आहे. त्याच्या लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड त्याच्या मातीत फिरत आले होते. मग विषाची भीती कसली?

बलुतेदारीत या प्रश्नाचे उत्तर सापडते. गावात नांगर ही बाजारात जाऊन विकत घ्यायची वस्तूच नव्हती. रानातली बाभूळ तोडायची. सुताराने तिच्यातून नांगर घडवायचा. लोहाराने फाळ बसवायचा, तो बोथटला की शेकून पुन्हा धार काढायची. आणि त्या बदल्यात खळ्यावर दोघांनी आपले बलुते घेऊन जायचे. नांगराला किंमत होती, पण ती रुपयांत मांडलेली नव्हती. मोडला तर दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. लक्ष्मणरावांचा नांगर या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेरून आला. त्याला रोख पैसे लागत, म्हणजे बहुतेकांना सावकाराकडे जावे लागे. त्याचा फाळ ओतीव लोखंडाचा. तो कठीण असतो, पण ठिसूळही असतो आणि गावच्या लोहाराला तो भात्यावर तापवून ठोकता येत नाही. ऐन पेरणीपूर्वी फाळ मोडला आणि बेळगावहून दुसरा येईपर्यंत वापसा निघून गेला, तर वर्ष बुडाले. आपल्याला पेलणार नाही अशा व्यवहाराला नकार द्यायचा असेल, तर माणूस पुष्कळदा धर्माचे किंवा निसर्गाचे कारण पुढे करतो. विषाच्या त्या समजुतीमागे असा सावध हिशेबही असला पाहिजे.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष देत बसण्याऐवजी आपला माल त्याच्या अडचणींच्या मापाने घडवायला सुरुवात केली. आपल्या बैलांच्या ताकदीला आणि आपल्या मातीला मानवेल असा नांगर करायचा, त्याचे झिजणारे भाग सुटे ठेवायचे आणि ते भाग सहज मिळतील अशी तजवीज करायची, ही दिशा ठरली. नांगर चालवून दाखवणे हा विक्रीचाच भाग झाला. ज्याने तो प्रत्यक्ष रानात चालताना पाहिला आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याचे पीक पाहिले, त्याला जाहिरातीची गरज उरत नव्हती. मागणी हळूहळू वाढू लागली.

नेमके त्याच वेळी पायाखालची जमीन गेली. शहराच्या वाढीसाठी ठळकवाडीची, म्हणजे आजच्या टिळकवाडीची, नवी वसाहत आखण्यात आली आणि त्या आखणीत कारखान्याची जागा गेली. चाळिशीला आलेला, घर-संसार असलेला, डोक्यावर कर्ज असलेला हा माणूस पुन्हा शून्यावर आला. वेळ निभावण्यासाठी त्यांनी बांधकामाचे काम पत्करले. औंध संस्थानात ते काम होते आणि त्यातून तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. हाताने काम करणाऱ्या माणसाची किंमत त्यांना कळत होती. कारखान्यासाठी संस्थानात हवी ती जागा निवडा, असे त्यांनी सुचवले आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनाजवळचा तो बत्तीस एकरांचा माळ होता. निवडुंगाचे रान माजलेले, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. पण शेजारून रेल्वे जात होती. गावोगावच्या बाजारांत अवजड लोखंडी माल पोचवायचा, तर रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. १९१० साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे या माळावर राहायला आली. हीच किर्लोस्करवाडी. काही वर्षांनी त्या स्टेशनाचे नावही बदलून तेच झाले. बेळगावने एक कारखाना गमावला आणि कृष्णाकाठच्या मुलखाला एक गाव मिळाले.

वाडीची घडण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच सांगितले पाहिजे, की लक्ष्मणरावांनी माणसे निवडताना जात आणि शिक्के पाहिले नाहीत. शाळेत न टिकलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. समाजाने ज्यांना गुन्हेगार किंवा अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, अशा माणसांच्या हाती वाडीच्या राखणीची जबाबदारी सोपवली गेली. राधाबाई, रामुअण्णा आणि थोरल्यांच्या पुढची पिढी असे सारे घर या खटाटोपात उतरले होते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आवक आटली. देशी मालाला एकाएकी मोकळे रान मिळाले. पण त्याच युद्धाने लोखंड आणि दगडी कोळसाही दुर्मीळ केला. मागणी आहे आणि माल करायला साधन नाही, अशी ही कोंडी होती. कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून भट्टी चालवण्याची खटपट झाली. कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. त्यांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांच्या लोखंडातून नांगर ओतले गेले. युद्ध संपेपर्यंत एक गोष्ट घडून गेली होती. लोखंडी नांगर हे आता शेतकऱ्याच्या लेखी नवल राहिले नव्हते. तो घेण्यासारखा आहे की नाही, हा प्रश्न मागे पडून कोणाचा घ्यावा आणि कोणत्या मापाचा घ्यावा, असे प्रश्न पुढे आले. बाजारात एखाद्या वस्तूचा स्वतंत्र वर्ग तयार झाल्याची हीच खूण असते.

भाषेनेही ती नोंद केली. पूर्वी नांगर एवढाच शब्द पुरत असे, कारण दुसरा प्रकारच नव्हता. नवा आला, तेव्हा त्याला लोखंडी हे विशेषण लागले. पुढे तोच सर्रास झाला आणि जुन्याची ओळख सांगायला लाकडी असे म्हणावे लागू लागले. विशेषण एकाच्या माथ्यावरून उतरून दुसऱ्याच्या माथ्यावर बसते, तेव्हा बाजारातली सत्ता बदललेली असते. या बदलाची किंमत कोणी मोजली, तेही नोंदवले पाहिजे. शेतकऱ्याची मेहनत वाचली, बैलांचे कष्ट कमी झाले. पण गावच्या सुतार-लोहारांचा नांगरावरचा वंशपरंपरागत अधिकार ढिला होऊ लागला. त्यांतील काहींच्या मुलांना कारखान्यांत काम मिळाले, सर्वांना नाही.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी आणखी एक छोटी घटना घडली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचे पत्रक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचवावी, हा त्याचा साधा हेतू होता. नांगराचा ग्राहक घडवायला निघालेल्या या पत्रकाने पाहता पाहता वाचक घडवला. यंत्रांच्या माहितीशेजारी उद्योगी माणसांची चरित्रे, सुधारणेचे लेख आणि कथा येऊ लागल्या. नावातला खबर हा शब्द गळून १९२९ मध्ये ते नुसते किर्लोस्कर झाले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही भावंडे आली. कारखान्याच्या जाहिरातीपोटी जन्मलेले पत्रक मराठी घरांतले प्रतिष्ठित मासिक बनले. वाडीत ओतलेल्या लोखंडाइतकाच वाडीत छापलेला हा कागद मराठी माणसाच्या घडणीत महत्त्वाचा ठरला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नांगराच्या यशावर समाधान मानून बसणे सोपे होते. पण शेतकऱ्याच्या खिशावर उभ्या असलेल्या धंद्याला पावसाचा आणि धान्याच्या भावाचा धोका कायम असतो. उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे नांगरापाठोपाठ आलीच होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली पदवी घेऊन आलेले चिरंजीव शंतनुराव आणि त्यांची पिढी यांनी पाण्याच्या पंपांकडे आणि तेलावर चालणाऱ्या इंजिनांकडे मोर्चा वळवला. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगरांचा खप घसरला, तेव्हा वाडीत लोखंडी खुर्च्या-टेबलांसारखे सामानही तयार झाले. लाकडाचेच असायचे अशी समजूत असलेल्या आणखी एका वस्तूला येथे लोखंडाचा पर्याय मिळाला.

यांतील पंप आणि इंजिन यांची कहाणी विशेष बोलकी आहे. विहिरीवरची मोट बैल ओढत. पंपाने त्यांचे ते काम काढून घेतले. ज्या कारखान्याचा जम बैलाच्या नांगरावर बसला, त्याच कारखान्याने बैलाविना पाणी उपसण्याची सोय केली. आपण घडवलेला बाजार कायम राहणार नाही, हे ओळखण्याइतकी दूरदृष्टी या घराकडे होती. सायकल सर्वत्र मिळू लागली, तेव्हा लक्ष्मणराव तिच्यात गुंतून राहिले नव्हते. तीच रीत पुढच्या पिढीने नांगराच्या बाबतीत चालवली. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलाचा लोखंडी नांगर हळूहळू वळचणीला गेला, तोवर किर्लोस्कर हे नाव शेतकऱ्याच्या तोंडी पंप आणि इंजिन यांच्याशी जोडले गेले होते.

१९४० च्या दशकात हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे नवे कारखाने उभे राहिले. तोवर लक्ष्मणरावांनी कारभार पुढच्या पिढीच्या हाती सोपवला होता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

साहेबाची चैन मानली गेलेली सायकल पुढे शाळामास्तरांची, पोस्टमनची आणि दूधवाल्याची झाली. विषारी ठरवलेला नांगर घरोघरी गेला आणि आता तो गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजतो आहे. वस्तू त्याच असतात. लोक त्यांना कोणत्या रांगेत उभे करतात, ते बदलत जाते. ती रांग दुकानदाराच्या फळीवर लागण्याआधी माणसांच्या मनात लागावी लागते आणि त्याला वेळ लागतो. लक्ष्मणरावांचे मोठेपण यंत्र घडवण्यात होतेच. त्याहून अधिक ते त्या दोन वर्षांत होते, जेव्हा चाळीस नांगर पडून राहिले आणि त्यांनी नांगर करणे थांबवले नाही.

आज बेळगाव हे लोखंडाच्या ओतकामाचे आणि यंत्रभागांचे महत्त्वाचे केंद्र आहे. जो कारखाना या शहराने ठेवून घेतला नाही, त्याचाच उद्योग आता शहराची ओळख झाला आहे. गावातल्या एखाद्या आडगल्लीतल्या छोट्या कार्यशाळेत एखादा तरुण कोणी न मागितलेली वस्तू घडवत बसलेला दिसला, तर तिला गिऱ्हाईक कोठे आहे, असा प्रश्न विचारण्याची घाई आपण करू नये. जागा मात्र त्याला जरूर द्यावी.